एकाच घरातलं रक्त

रोज सकाळी आयसीयूचं दार उघडायचं आणि नर्स बाहेर यायची ती रक्ताच्या नळ्या घेऊन. जांभळ्या बुचाची, लाल बुचाची, पिवळ्या बुचाची. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर पेनानं लिहिलेलं नाव, रत्ना. प्रज्ञा बाकावरून उठायची आणि नळ्या तपासणीच्या खोलीत दिसेनाशा होईपर्यंत बघत राहायची. सख्ख्या धाकट्या बहिणीला भेटायचं तर वेळ ठरलेली, एकेकानं जायचं, हात धुऊन, तोंडाला मास्क बांधून. आणि त्या बहिणीचं रक्त मात्र ट्रेमधून असं नाकासमोरून चाललेलं. प्रज्ञाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

प्रज्ञा नारायणगावात शिवणकाम करायची. नवरा जयवंत पिकअप चालवायचा. दोघींचं माहेर निमगाव सावाचं, आणि रत्नाला दिलेली येडगावला, धम्मपालच्या घरी. धरणाचं पाणी, काळी जमीन, टोमॅटोचं चांगलं पीक. खाऊनपिऊन सुखी घर, असं सगळे म्हणायचे. प्रज्ञाही म्हणायची.

ज्या आठवड्यात रत्ना पडली, त्या आठवड्यात टोमॅटोचा तोडा चालू होता. झुंजूमुंजू झालं की बायका रानात, ते दिवस मावळेपर्यंत. चौफेर मोकळं शिवार, आडोसा कुठं नाही, पुरुष माणसं क्रेट उचलायला सारखी येजा करणारी. मग बायका काय करायच्या, तर पाणीच प्यायच्या नाहीत. दिवसभर दाबून धरायचं आणि अंधार पडला की उसाच्या कडेला जायचं. रत्नाला आधी लघवीला जळजळ सुरू झाली, मग कंबर धरली, मग ताप भरला. सासू साळुबाई म्हणाली, "एवढा तोडा उरकू दे, मग दाखवू." प्रज्ञाचा फोन गेला तेव्हा रत्ना म्हणाली, "कणकण हाय अक्का. उतरंल." दुसऱ्या दिवशी ती भरलेल्या क्रेटवरच हुडहुडी भरून कोसळली, आणि शुद्धीवर येईना. निरोप मिळताच जयवंतनं येडगावला जाऊन तिला पिकअपमध्ये घालून नारायणगावच्या या खाजगी दवाखान्यात आणलं तेव्हा तिचं बीपी मशीनला लागत नव्हतं.

आयसीयूच्या डॉक्टर होत्या सिद्धी. बाजारपेठेतल्या कापडवाल्या अमृतलालशेठची नात. पुण्यात शिकून, तिथंच मोठ्या दवाखान्यात काम करून ती गावात परत आली होती. तिच्या शाळेचे फ्रॉक प्रज्ञानंच शिवलेले, त्यामुळे आधी प्रज्ञाला धीर वाटला होता. आपलं माणूस आहे, लक्ष देईल.

"लघवीचं इन्फेक्शन किडनीत गेलं आणि तिथून रक्तात पसरलं," सिद्धीनं पहिल्या दिवशी नीट बसवून सांगितलं होतं. "याला सेप्सिस म्हणतात. बीपी टिकवायला औषध चालू आहे, अँटिबायोटिक चालू आहे. जड आजार आहे प्रज्ञाताई, मी खोटं सांगणार नाही. त्यात तिचं हिमोग्लोबिन आधीच कमी होतं. इथं आली तेव्हाच नऊ. बाईला बारा तरी हवं."

तेव्हापासून तो आकडा रोज खाली येत होता. आज सकाळी सात पॉइंट आठ झाला होता. प्रज्ञानं सिद्धीला व्हरांड्यातच गाठलं.

"रक्त कधी चढवणार?"

"आज नाही. सातच्या खाली गेलं तर देऊ."

"खाली जायची वाट बघताय?"

"वाट बघत नाही, ताई. रक्त म्हणजे सलाईन नाही. दुसऱ्याचं रक्त अंगात घालणं हा शरीरावर एक भारच असतो. कधी ताप येतो, कधी फुप्फुसात पाणी होतं. या आजारात सातच्या वर असताना रक्त दिलं म्हणून माणसं जास्त वाचतात, असं कुठं दिसलेलं नाही. तिचं हृदय चांगलं आहे. सात पॉइंट आठवर ती तग धरते आहे."

"आणि रोज सकाळ-संध्याकाळ काढताय त्याचं काय?"

"तपासावं तर लागतं."

"म्हंजे काढावं लागतं, घालावं लागत न्हाई." प्रज्ञाचा आवाज चढला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "नळ्या भरभरून नेताय. तिच्या अंगात हायच केवढं? आन् आमी निम्मं गाव घेऊन रक्त द्यायला उभं, तर तुमी म्हनता नको. तुमच्या घरातलं माणूस असतं तर असंच केलं असतं का?"

"असंच केलं असतं," सिद्धी म्हणाली. ती चिडली नव्हती, पण तिचा चेहरा थकलेला होता.

"तुझ्या फ्रॉकला काजं केली मी, सिद्धी. मला शहाणपण शिकवू नको."

हे तोंडातून गेलं आणि जयवंतनं प्रज्ञाचा दंड धरला. सिद्धी आत निघून गेली. पण संध्याकाळी नर्स बाहेर आली तेव्हा ट्रेमध्ये नेहमीच्या नळ्या नव्हत्या. करंगळीएवढ्या बारीक नळ्या होत्या, तान्ह्या पोरांचं रक्त घ्यायच्या. आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची फेरी बंद झाली. सिद्धी जाता जाता एवढंच म्हणाली, "तेवढं तुमचं बरोबर होतं. रोज दोनदा काढायची गरज नव्हती." प्रज्ञाला बरं वाटलं का? नाही. तिला वाटलं, मग हे आधी का नाही सुचलं?

तरीही आकडा उतरायचा थांबला नाही. एका सकाळी सिद्धी स्वतःच बाहेर आली. "सहा पॉइंट सहा आहे. आता एक पिशवी देते. एकच. मग पुन्हा बघू." रक्तपेढीत रत्नाच्या गटाची पिशवी होती. ती लगेच मिळणार होती, तिच्या बदल्यात घरच्या कोणीतरी एकानं रक्त द्यायचं होतं, आणि ते दुपारपर्यंत दिलं तरी चालणार होतं.

प्रज्ञानं कोणाला विचारलंच नाही. जयवंत पिशवी घेऊन दवाखान्याकडे पळाला आणि ती रक्तपेढीच्या खुर्चीत बाही वर करून बसली. इतके दिवस नुसतं बाकावर बसून तिचे हात शिवशिवत होते. आता आपलं काहीतरी रत्नाच्या कामी येणार, या विचारानं ती जवळजवळ खूश होती. तिथल्या माणसानं तिच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला, पट्टी छोट्या यंत्रात घातली.

"ताई, तुमचं घेता येणार नाही."

"का?"

"आठ पॉइंट नऊ आहे. साडेबाराच्या खाली घेत नाही आम्ही. तुम्हालाच उपचाराची गरज आहे."

"मशीन बिघडलंय तुमचं."

त्यानं दुसऱ्या बोटातून घेतलं. आठ पॉइंट नऊच.

तोवर प्रज्ञाची आई बायडाबाई आणि भाऊ संघर्ष निमगावहून आले होते. त्यांच्याबरोबर विहारातल्या बायका होत्या. सोनीबाई होती, शेजारची प्रतिभा होती, आणखी दोघी होत्या. सगळ्या चहासुद्धा न घेता आलेल्या. "चल, माझं घे," म्हणत सोनीबाई पुढं बसली. दहा. प्रतिभाचं साडेनऊ. तिसरीचं अकरा आलं तेव्हा तीच हसली आणि म्हणाली, "ह्यांच्यात मीच पैलवान." चौथी सुई बघूनच उठली आणि मग परत बसली, तिचं तर आठच निघालं. बायडाबाईला वयामुळं खुर्चीतही बसू दिलं नाही. प्रज्ञासकट सुई टोचून घेतलेल्या पाचही बायका पायरीवर येऊन बसल्या. आधी एकमेकींची थट्टा केली, मग एकेकजण आपलं टोचलेलं बोट बघत बसली. जिना चढताना धाप लागते, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, हे प्रत्येकीला माहीत होतं. पण बाईमाणसाला असंच होतं, असं समजून प्रत्येकजण चालली होती. प्रज्ञाही.

संघर्ष बाही वर करत म्हणाला, "सरका, मी देतो."

प्रज्ञा एकदम उभी राहिली. "तू न्हाई."

"का?"

"तुझं रक्त कशाला? तिचा नवरा मेलाय का?"

धम्मपाल रोज संध्याकाळी दवाखान्यात यायचा, काचेतून बघायचा, डोळे पुसायचा आणि जायचा. काल रक्ताचा विषय निघाला तेव्हा साळुबाई मधेच म्हणाली होती, "त्याला अशक्तपना आला तर तोडा कोन बघंल?" आणि तो फोन आल्यासारखं करून बाहेर गेला होता. काल प्रज्ञानं ते गिळलं. आज ते वर आलं.

जयवंत पिशवी पोचवून परत आला होता. "गाडी काढा," ती म्हणाली. "मार्केटला."

टोमॅटोच्या बाजारात सौदे ऐन भरात होते. क्रेटच्या थप्प्या, गाड्यांचे हॉर्न, ओरडून बोली लावणारे व्यापारी. प्रज्ञा थप्प्यांमधून वाट काढत गेली. धम्मपाल आपल्या क्रेटजवळ उभा होता आणि एक व्यापारी टोमॅटो हातात घेऊन दाबून बघत होता. आपली मेहुणी इथं आलेली बघून धम्मपालचा चेहरा उतरला.

"काय झालं अक्का? रत्ना..."

"जिती हाय. चला माझ्याबरोबर. रक्त द्यायचंय."

"येतो की. एवढा सौदा होऊ द्या."

"सौदा होऊ द्या, तोडा होऊ द्या. तिचं काय व्हायचं ऱ्हायलंय पावणं?"

"अक्का, इथं नको. चार माणसं बघत्यात. घरी बोलू."

"घरी बोलून बोलून ती तिथं पडलीय." प्रज्ञा ओरडत नव्हती. पण तिचा आवाज असा लागला होता की शेजारच्या थप्पीवरची बोली थांबली. "दोन वरसं झाली, तिची पाळी आठ-आठ दिवस थांबत न्हाई. तुमाला म्हाईत व्हतं का न्हाई?"

धम्मपाल खाली बघत राहिला.

"उपकेंद्रातनं रक्तवाढीच्या गोळ्या आनल्या व्हत्या तिनं. पोटात गरम पडतं म्हनून तुमच्या आईनं बंद केल्या. म्हाईत व्हतं? लघवीला जळजळ व्हती, ताप व्हता, कंबर वाकत नव्हती, तरी ती ह्याच क्रेटमध्ये टोमॅटो भरत व्हती. ते तरी म्हाईत व्हतं ना? तुमच्या डोळ्यांदेखत भरत व्हती."

व्यापाऱ्यानं हातातला टोमॅटो क्रेटमध्ये ठेवला. "जा राव," तो धम्मपालला म्हणाला. "माल कुठं जात नाही. मी बघतो."

रक्तपेढीत धम्मपाल खुर्चीत बसला, त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. सुई, थेंब, पट्टी, यंत्र.

"पंधरा पॉइंट दोन," तो माणूस म्हणाला. "छान आहे."

त्याचा त्यात काही दोष नव्हता, तो रोजच असं म्हणत असेल. पण त्या 'छान'नं प्रज्ञाच्या अंगाचा भडका उडाला. पायरीवरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्याकडे एकदा बघून ती धम्मपालकडे वळली.

"पंधरा. ऐकलं का? तुमचं पंधरा, आन् तिचं सहा. चूल एक, ज्वारी एक, रान एक. ती तुमच्यासंगं उठती, तुमच्या आधी उठती. मग हे असं कसं झालं, मला सांगा."

धम्मपालनं डोळे उघडले. हाताला पट्टा बांधलेला होता, रक्त पिशवीत उतरत होतं. "मला म्हाईत नव्हतं अक्का," तो म्हणाला. "कोनी सांगितलंच न्हाई."

"विचारलं कधी?"

तो रडायला लागला. प्रज्ञाला त्याची दया आली नाही. रडायला त्याच्यात ताकद आहे, असं तिच्या मनात आलं.

एका पिशवीनंतर आकडा साडेसातवर गेला आणि तिथंच थांबला. सिद्धीनं दुसरी पिशवी दिली नाही आणि या वेळी प्रज्ञानं मागितलीही नाही. अँटिबायोटिक लागू पडलं होतं. बीपीचं औषध हळूहळू कमी झालं, मग बंद झालं. रत्ना आयसीयूतून साध्या वॉर्डात आली तेव्हा तिचे हात चिपाडासारखे झाले होते, पण ती बोलत होती. सिद्धीनं तिची पाळीची, पोटाची सगळी चौकशी केली, सोनोग्राफी करून घेतली. गर्भाशयात गाठ होती, फार मोठी नव्हती, औषधानं आटोक्यात येण्यासारखी. "रक्त चढवून हे बरं होत नाही," सिद्धी म्हणाली. "रक्तानं वेळ मिळतो. बाकीचं घरी करायचं असतं. आणि प्रज्ञाताई, तुम्ही उद्या माझ्याकडे या. तुमचं आठ पॉइंट नऊ जयवंतभाऊंनी सांगितलंय, विसरले नाही मी."

"त्या दिवशी मी जास्त बोलले," प्रज्ञा म्हणाली.

"बोललात ते बरं झालं. पण माझं ऐकतही जा."

त्या दुपारी वॉर्डात रत्नाला झोप लागल्यावर बायडाबाई लेकीला म्हणाली, "आता जावयाला लई बोलू नको. त्यानं दिलं की रक्त. पोरीला नांदायचंय."

प्रज्ञाचा राग दिशा शोधतच होता. "तू गप ऱ्हा आये. तू आमाला तरी काय खायला घातलंस? अंडं असलं की संघर्षला. दूध असलं की संघर्षला. आमाला चहा. रक्त कुठनं येनार?"

बायडाबाईनं पिशवीत कोंबलेली साडी काढली, परत घडी घातली, परत ठेवली. मग म्हणाली, "खरं हाय. मला वाटायचं, पोरगी हाय, ती कशावरबी वाढती. माझ्या आईनं मला तसंच वाढवलं." आणि पिशवीचं तोंड बांधता बांधता, "पहिलं माहेरी झालं, पुढची दोन बाळंतपनं मी सासरी केली, दोन्ही येळंला पांढरी पडले व्हते. तेव्हाबी कोनी रक्त तपासलं नव्हतं."

प्रज्ञा उठून खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. आई चुकली, हे खरंच होतं. आईच्या वाट्याला त्याहून वाईट आलं, हेही खरं होतं. पण त्यानं प्रज्ञाचा राग कमी होईना. उलट तो पसरत गेला आणि कोणा एकाच्या माथी मारता येईना, याचाच तिला जास्त संताप आला.

दवाखान्यातून सुटल्यावर रत्ना नारायणगावला प्रज्ञाकडे राहिली. गोळ्या, अंडी, खजूर, पालेभाजी. गाल भरले. इतके दिवस आजीकडं असलेली रत्नाची पोरं मावशीकडं आली. धम्मपाल दर रविवारी यायचा आणि न्यायची भाषा काढायचा धीर त्याला व्हायचा नाही. प्रज्ञाची पक्की इच्छा होती की रत्नानं जाऊच नये. दुकानात दुसरी मशीन घालू, दोघी मिळून शिवू, असं तिनं जयवंतशी बोलूनही ठेवलं होतं.

आणि एका रविवारी रत्ना स्वतःच धम्मपालला म्हणाली, "मी येनार हाय. पन रानात संडास बांधा आधी. पत्र्याचा का असंना, आतनं कडी पायजे. पानी पायजे. तो झाल्याबिगर मी तोड्याला पाय ठेवनार न्हाई. आन् आपल्याकडं येनाऱ्या मजूर बायाबी तोच वापरतील."

"करतो," धम्मपाल म्हणाला.

तो गेल्यावर प्रज्ञा बहिणीवर उखडली. "मरता मरता वाचलीस आन् परत त्याच घरात? कशासाठी?"

"ते घर माजं हाय अक्का," रत्ना म्हणाली. "बारा वरसं राबले तिथं. मी कशाला सोडू? त्यांनी बदलायचं."

"आन् न्हाई बदलले तर?"

"तर तू हायसच की मार्केटात जायला."

रत्ना हे म्हणताना हसली. प्रज्ञाला हसू आलं नाही. तिला ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही.

कांद्याच्या लागणीच्या वेळी प्रज्ञा येडगावला गेली, खास तो संडास बघायला. बांधावर पत्र्याची खोली उभी होती, शेजारी पाण्याचा ड्रम, दाराला आतून कडी. धम्मपालनं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. लागणीच्या बाया जाऊन येत होत्या, पाणी पीत होत्या. प्रज्ञा तिथं उभी असताना साळुबाई सरीतून आली. चपला काढल्या, आत गेली, कडी लावली. बराच वेळ आत होती. बाहेर आली आणि ओले हात पदराला पुसत म्हणाली, "आमच्या येळंला असं काय नव्हतं बाई. आमी जन्म काढला तसाच."

"म्हनून तिनंबी काढायचा व्हता?" प्रज्ञा म्हणाली.

साळुबाईनं तिच्याकडे बघितलं. खाली वाकून तिनं कांद्याच्या रोपाची जुडी उचलली आणि सरीकडे चालू लागली. प्रज्ञानं तिला जाऊ दिलं. आणखी बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं, आणि ते ती विसरणार नव्हती.